मदत हवी आहे : गर्भाची पिशवी काढायला सांगितलीय, सोमवारी कळवायचंय

येळ्ळूर_शिवार
नमस्कार. कोणीतरी लवकर सांगा. डॉक्टर म्हणालेत पिशवी काढून टाका, कटकट मिटली. सोमवारी हो-नाही कळवायचंय. सही करायला कागद दिलाय तो सगळा कन्नडात. मी मराठी शाळेत शिकलो, कन्नड बोलायला येतंय, वाचायला अडतंय. सुगी तोंडावर आलीय, दीड महिना जड उचलायचं नाही म्हणतात, मग भात कापणार कोण? रात्री अंग पेटल्यासारखं होतंय, पहाटे तीनला जाग येतीय ती येतीयच. काढू की नको, एवढंच सांगा.

औंधकर
दादा, हे तुमच्या पत्नीबद्दल आहे का? त्यांचं वय किती? पिशवी काढायचं कारण काय सांगितलं?

येळ्ळूर_शिवार
मी बाईच आहे. आमच्याकडं बायका 'मी जातो, मी आलो' असंच बोलतात. वय 46. कारण अंगावरून लई जातंय.

औंधकर
माफ करा ताई, मला हे माहीत नव्हतं.

खानापूर_रान
बेळगाव-कोल्हापूरकडे सगळीकडे तसंच. माझी आजी पण 'मी जेवलो' म्हणायची. पुण्यात हॉस्टेलला होते तेव्हा मी ते बोलणं सोडलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

हिरवा_चुडा
ताई, पिशवीला हात लावू देऊ नका. रोज शतावरी कल्प दुधातून घ्या. माझी पाळी 48 ला गेली, एक गोळी घेतली नाही. नाचणीची आंबील पण सुरू करा, हाडांना चांगली.

सिस्टर_निवृत्त
31 वर्षं स्त्रीरोग वॉर्डात काढलीत, म्हणून विचारते. पाळी कशी येते? सोनोग्राफीत काय आलं? हिमोग्लोबिन किती? पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासलाय का? थायरॉईड?

येळ्ळूर_शिवार
दिवाळीपासून मेळ नाही. दोन महिने काहीच नाही, मग बारा-बारा दिवस. कालनिर्णयवर मी पेन्सिलीनं टिंब करतो, लग्नापासूनची सवय. जास्त जाईल त्या दिवशी दोन टिंबं. ती पानं नेलेली, डॉक्टरांनी बघितली नाहीत, 'या वयात असंच असतंय' म्हणाले. रक्त 8.4. गाठ 2 सेंमी. तुकडा नाही, थायरॉईड नाही.

सिस्टर_निवृत्त
ती पानं जपून ठेवा, तुमच्या अंगात काय चाललंय ते त्यांच्यात नीट दिसतंय. पाळी जायच्या आधीची काही वर्षं दर महिन्याला बीज सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर आवरणारं हार्मोन, तयार होत नाही, अस्तर वाढत राहतं आणि मग एकदम सांडतं. म्हणून दोन महिने कोरडे आणि नंतर बारा दिवस. पण 45 नंतर असं जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा. तो न बघता पिशवी काढायचं ठरवणं मला पटत नाही. 2 सेंमीची गाठ पुष्कळ बायकांत असते. ती पोकळीत आहे की भिंतीत ते विचारा, पोकळीत असेल तर लहान गाठही रक्त पाडते. जाणं कमी करायच्या गोळ्या आहेत, पिशवीत तांबीसारखी बसवायची हार्मोनची मिरेना आहे. शेवटी काढायचीच ठरली तर बीजांडकोश ठेवणार का ते विचारा. दोन्ही काढले तर पाळी एका दिवसात जाते, अंग पेटवणाऱ्या वाफा आणि हाडांची झीज सगळं एकदम अंगावर येतं. आणि तासाला एक पॅड भिजायला लागला किंवा चक्कर आली तर सोमवारची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

हिरवा_चुडा
हार्मोननी कॅन्सर होतो. सगळ्यांना माहीत आहे.

औंधकर
सरसकट असं नाही. ती भीती पाळी गेल्यावर घ्यायच्या हार्मोनबद्दलच्या 2002 च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील तर हार्मोन टाळतात. बाकीच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आणि मिरेनाचं औषध मुख्यतः पिशवीतच काम करतं.

हिरवा_चुडा
माझ्या मावसबहिणीला झाला. तुम्ही अभ्यास सांगा, मी माणूस बघितलंय.

निपाणी_तंबाखू
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मिसेस 47. रोज चिडचिड, मध्येच रडते. झोपेची गोळी द्यावी का?

खानापूर_रान
दादा, काय होतंय ते तिला विचारलंत का?

निपाणी_तंबाखू
नाही विचारलं. आज विचारतो.

टिळकवाडी
कन्नड कागदाबद्दल कोणीच बोलत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात, गेलं तेव्हापासून आपण हेच सोसतोय. दवाखाना, सातबारा, बसची पाटी...

खानापूर_रान
सीमाप्रश्न इथे नको. माझ्या डॉक्टर मॅडम घरी कन्नड बोलतात आणि माझ्याशी मराठी. ताई, कळेल अशा भाषेत समजावल्याशिवाय तुमची सही घेता येत नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात सांगितलंय की तपासणीला दिलेल्या संमतीवर गर्भाशय आणि बीजांडकोश काढता येत नाहीत. त्या बाई 44 वर्षांच्या होत्या. कागद घरी मागून घ्या, वाचून घ्या.

टिळकवाडी
मीही तेच म्हणत होतो. कागदाचा फोटो पाठवा, शब्दन् शब्द मराठी करून देतो.

येळ्ळूर_शिवार
सगळ्यांना उत्तर देतो. टिळकवाडी अण्णांनी रात्रीच कागद मराठीत करून दिला. त्यात पिशवी आणि दोन्ही बीजांडकोश असं लिहिलेलं. बीजांडकोशांचं मला कुणी बोललंच नव्हतं. शनिवारी जाऊबाईंना घेऊन दुसऱ्या मॅडमकडं गेलो. कन्नडच आहेत. कालनिर्णयची पानं समोर ठेवली, त्यांनी एकेक महिना उलटून बघितला, म्हणाल्या, 'अक्का, हे कुणी लिहिलं?' मी लिहिलं म्हटलं आणि मला रडूच आलं. वर्षभर मला वाटत होतं मीच कामचुकार झालो, मीच तिरसट झालो. 8.4 रक्तावर भांगलण करत होतो की.

मंगळवारी तुकडा घेतला, रिपोर्ट आठ दिवसांनी. थायरॉईडला रक्त दिलंय, लोखंडाचं सलाईन लावलंय. गाठ भिंतीत आहे. पहिल्या दवाखान्यात सोमवारीच नको म्हणून सांगितलं.

रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांची पिशवी 45 ला काढलेली. म्हणाल्या, का काढली ते मला आजतागायत कुणी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. किती तरी वेळ माझा हात धरून बसल्या.

कापणीला दोन बायका सांगितल्यात. पहाटे तीनचं मात्र तसंच आहे. लुगडं भिजतंय, पंखा लावला की ह्यांना थंडी वाजतीय. त्याला कोण काय करतंय ते सांगा.