एसेनच्या कोळसा खाणीतील रूर संग्रहालय : वयस्कर आईला नेता येईल का?

प्रश्न (शिरोडा)
नमस्कार. माझी मुलगी जर्मनीत एसेन येथे शिकते आणि मे महिन्यात मी आईला घेऊन तिच्याकडे जाणार आहे. तिथल्या त्सोलफेराइन या बंद कोळसा खाणीत रूर प्रदेशाचे संग्रहालय असल्याचे मुलीने कळवले. माझे वडील रेडीच्या लोहखनिजाच्या खाणीत होते. संध्याकाळी ते हातपाय धुऊ लागले की न्हाणीच्या दगडावरून वाहणारे तांबडे पाणी मला अजून आठवते, म्हणून आईला ही जागा दाखवावी असे फार मनात आहे. तिथे जमिनीखाली उतरावे लागते का? आईचे गुडघे दुखतात.

उत्तर (चिपळूण)
मीही तोच समज करून गेलो होतो, पण तिथे जमिनीखाली नेत नाहीत. खाण २३ डिसेंबर १९८६ रोजी बंद झाली आणि २०१० साली उघडलेले हे संग्रहालय कोळसा धुण्याच्या इमारतीत, म्हणजे पूर्णपणे जमिनीवर आहे. एक लांबलचक सरकता जिना थेट २४ मीटर उंचीवर नेतो आणि तिथून वर्तमान, स्मृती, इतिहास अशा क्रमाने एकेक मजला उतरत पाहायचे असते. वर चढवलेला कोळसाही असाच यंत्रांतून खाली येत असे. तांदूळ रोळताना खडे तळाशी राहतात आणि दाणे पाण्याबरोबर पुढे जातात, तसेच तिथे पाण्याच्या हिसक्यांनी जड दगड खाली बसवून हलका कोळसा वेगळा करीत. एवढे आईंना आधी सांगून ठेवा, मग ती अवाढव्य यंत्रे त्यांना परकी वाटणार नाहीत. आत लिफ्ट आहे. मुख्य स्थानकावरून १०७ क्रमांकाची ट्राम जाते.

उत्तर (मालवण)
भुयारच पाहायचे असेल तर जवळच्या बोखुम येथील खाण संग्रहालयात जावे. तिथले बोगदे केवळ दाखवण्यासाठी खणलेले आहेत, त्यांतून कोळसा कधीच निघाला नाही, तरीही अंधाराची आणि अरुंद वाटेची कल्पना चांगली येते. मात्र आईंना एकच ठिकाण झेपणार असेल तर त्सोलफेराइनच निवडा, कारण तिथली प्रत्येक तुळई खऱ्या कामाची आहे.

प्रश्नकर्ती (शिरोडा)
दोघांचेही मनापासून आभार. आईला सगळे वाचून दाखवले. रोळण्याची गोष्ट तिला लगेच पटली, आणि तिने विचारले, “मग ते काळे पाणी सोडत कुठे?”

उत्तर (चिपळूण)
आईंनी नेमके विचारले. खाणींमुळे त्या भागातली जमीन खचत असल्याने भूमिगत गटारे टिकत नसत, म्हणून एमशर नदीलाच काँक्रीटने बांधून कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी उघड्यावरून वाहून नेत. खाणकाम उत्तरेकडे सरकल्यावर १९९२ पासून नदी सुधारण्याचे काम सुरू झाले, ५१ किलोमीटर लांबीची भूमिगत वाहिनी घातली गेली आणि २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी सोडणे थांबले. एसेनच्या उत्तर भागातून ती नदी वाहते. आईंना तिच्या काठावरही अवश्य न्यावे.