डॉ. गाशेंच्या चित्राबद्दल थोडंसं

चित्रकार व्हॅन गॉगने काढलेलं त्याच्या डॉक्टरचं, डॉ. गाशेंचं, व्यक्तिचित्र १९९० च्या लिलावात सव्वाआठ कोटी डॉलरला विकलं गेलं, हे बहुचर्चित आहे. मला त्याआधीचा प्रवास जास्त चटका लावतो. १८९७ मध्ये व्हॅन गॉगच्या भावजयीने, योहानाने, हे चित्र अवघ्या ३०० फ्रँकला विकलं. १९११ पासून ते फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात होतं. १९३७ मध्ये नाझींनी ‘विकृत कला’ ठरवून ते जप्त केलं आणि नाझी नेता गोरिंगने परस्पर विकून टाकलं. तांबड्या मेजावर कोपर टेकलेला, गालाला मूठ लावून बसलेला तो खिन्न डॉक्टर, आणि म्हणे विकृत! श्टेडेलने रिकामी चौकट मात्र जपली. व्हॅन गॉगने काढलेलं गाशेंचंच दुसरं चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ते गाशेंच्या मुलांनी देशाला दिलं.