विषय: बाबांचा पीसी, असेंबल की तयार? (सोमवारी रात्री विमान)

मेधा (गिरगावातून):
मंडळी, लवकर सांगा. बाबांचा २०१४चा डबा चालू होईपर्यंत चहा उकळून, पिऊन, कप विसळून होतो. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५पासून बंद, आणि ११ त्याच्यावर चढत नाही. आज लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात, जाऊन आले. असेंबल केला, म्हणजे सुटे भाग घेऊन जोडला, तर जीएसटी धरून ३६ हजार: आय३ १२१००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई डिस्क, २२ इंची मॉनिटर. शेजारच्या दुकानात तयार ऑल-इन-वन (मॉनिटरच्या आतच सगळं यंत्र) ५२ हजार, तीन वर्षं घरी येऊन दुरुस्ती. दादा म्हणतो तयार घे. बाबा म्हणतात असेंबल, आणि तोही "मी जोडणार". वय ७४. रविवारी तो रोड बंद असतो, म्हणजे माझ्या हातात उद्याचाच दिवस.

शिरीषकाका (मुलुंड):
मेधा, मुंबईचं काही असलं की आधी मला फोन करायचा, एवढं साधं ठरलेलं आहे आपलं. मी परदेशातून मुंबईला परत आलो म्हणून मंडळाच्या ईमेल यादीतून गेलो नाही.
ऑल-इन-वन घेऊ नकोस. माझ्याकडे होता, कंपनीचं नाव घेत नाही. स्क्रीनवर उभे पट्टे आले, तर अख्खं यंत्र पोत्यासारखं उचलून नेलं. २३ दिवस. तेवढे दिवस बँक नाही, नातवंडं नाहीत, काही नाही. "घरी येऊन दुरुस्ती"चा अर्थ पोरगा घरी येतो, मान हलवतो आणि घेऊन जातो. असेंबलमध्ये मॉनिटर गेला तर मॉनिटरच बदलायचा. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे रॅमच्या पितळी दातांवर मळी धरते. बटण बंद करून, पिन काढून, खोडरबरने हलके पुसायचे, परत बसवायची. दर ऑगस्टला करतो.

केदार:
काका, ते दात सोन्याच्या मुलाम्याचे असतात, पितळी नव्हे. खोडरबर चालतं, मान्य.
मेधा, तुझ्या यादीत "१२१००एफ" आहे. त्या एफचा अर्थ आत ग्राफिक्स, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणारा भाग, नाही. वेगळं कार्ड कुठे लिहिलंय? मदरबोर्डला मॉनिटर जोडायचं एचडीएमआय पोर्ट दिसेल, पण त्यातून काही येणार नाही. पंखे फिरतील आणि मॉनिटर काळा. नुसता १२१०० माग, थोडा महाग पडेल. रायझन ५६००जी प्रोसेसर पण चालेल, त्यातही ग्राफिक्स आहे, मग मदरबोर्ड त्याला बसणाऱ्या एएम४ सॉकेटचा घे.

विनय:
हे सगळं मुंबईला जाताना इथूनच न्यायचं होतं. गेल्या वर्षी मी प्रोसेसर आणि रॅम मोज्यांत गुंडाळून नेली.

केदार:
आणि बिघडली तर? मोज्यात घालून परत आणणार? इथल्या बिलावर तिथला दुकानदार वॉरंटी देतोय का, विचारून बघ.

शिरीषकाका:
विनय, माझा जुना कॅबिनेट (पीसीचा पत्र्याचा डबा) मी तिकडून बोटीने आणला होता. एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, मागे लाल खटका असायचा, ११५ / २३० व्होल्टचा. तो ११५वर राहिला. मुलुंडला पिन लावली आणि फट्! घरभर जळका वास, सौ.नी आधी देवघर तपासलं. हल्लीचे बहुतेक आपोआप जुळवून घेतात, तरी मी मागून बघितल्याशिवाय पिन लावत नाही.

वैशाली:
खाजगी खरेदीचे प्रश्न यादीवर नकोत, असं पोळपाटांच्या प्रकरणानंतर ठरलं होतं. मेधासाठी अपवाद. दिवाळीच्या कार्यक्रमाची वर्गणी अजून ११ जणांकडून यायची आहे.

विनय:
पोळपाट माझे नव्हते.

मेधा:
केदार, वाचवलंस. दुकानात विचारलं तर "मॅडम, एफ टायपिंगमध्ये आला". त्याच्या टायपिंगमध्ये दरही एफचाच आला होता, बदलायला हजार-दीड हजार जास्त घेतले.
असेंबलच घेतला. दादा रागावलाय: उद्या बंद पडला तर कोण येणार? खरं आहे, माझ्याकडे उत्तर नाही. पण बाबांना दुकानात स्टुलावर बसवलं आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या त्यांनीच बसवल्या. पोरगा सांगत होता, "काका, खाच बघा, उलटी जाणारच नाही." दोन्ही बाजूंनी कट्, कट् झालं. टॅक्सीत कॅबिनेट मांडीवर बाबांच्या, मला हात लावू दिला नाही.
आता दोन कटकटी. सोसायटीची जुनी इतिवृत्तं उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतोय. आणि अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पोरगा फोनवर म्हणाला, "स्लिपर घालून बसा."

केदार:
चिवडा: ते जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असणार, हल्ली सगळीकडे दिसणाऱ्या युनिकोडमध्ये नव्हे. जुन्या मशीनच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फॉन्टची फाइल नव्यावर टाक, दिसेल. जुना डबा त्याआधी भंगारात देऊ नकोस.
झिणझिण्या: स्लिपर हे उत्तर नाही. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे पत्र्यावर निम्मा दाब येतो, २३०चा ११५. करंट अगदी थोडा, पण जाणवतो. एक्स्टेन्शन बोर्ड उघडून बघ, वरच्या जाड भोकाला वायर आहे का.

मेधा:
मेन बंद करून उघडला. नाहीये. भोक नुसतं शोभेला. भिंतीतल्या सॉकेटलाही नसावी, चाळीचं वायरिंग आजोबांच्या वेळचं आहे. वायरमन मंगळवारी येतो म्हणाला, मी तेव्हा विमानात.

शिरीषकाका:
मंगळवारी मी येतो. ठाकुरद्वारला काम आहेच. तोपर्यंत बाबांना सांग, पिन काढून ठेवा. आणि खोडरबर मी आणतो, घरातलं नको, ते पेन्सिलीने काळं झालेलं असतं.

वैशाली:
काका, येताना गिरगावातून चकलीचा सोऱ्या मिळाला तर बघा, मंडळाचा तुटलाय. मेधा, सोमवारी बॅगेत जागा आहे का?