मदत हवी आहे: तिसऱ्यांचं (खाडीतल्या शिंपल्यांचं) सुकं साडेचार तास बाहेर राहिलं, कच्च्या तिसऱ्यांनीही तोंडं उघडली आहेत

घाईत लिहितेय. दुपारच्या जेवणाआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

काल सकाळी माझा भाऊ रात्रीच्या गाडीने देवगडहून पुण्याला आला. येताना खाडीतल्या तिसऱ्यांचे तीन वाटे आणि किलोभर कोळंबी आणली. कोळंबी बर्फात, तिसऱ्या ओल्या गोणपाटात. संध्याकाळी दोन वाटे विळीवर उघडून एकशिपी केल्या (मांस एकाच शिंपेत ठेवून) आणि सुकं केलं. कांदा, वाटप, चार आमसुलं, वरून ओलं खोबरं. सात वाजता गॅस बंद केला. मग पाहुणे आले, जेवणं झाली, गप्पा लांबल्या आणि कढई ओट्यावरच राहिली. साडेअकराला लक्षात आलं. झाकण काढून वास घेतला, चांगला होता, म्हणून तशीच फ्रिजमध्ये ठेवली. एप्रिल आहे, रात्रीसुद्धा स्वयंपाकघरात घामाच्या धारा लागतात. कोळंबीचं कालवण मात्र जेवणं झाल्याबरोबर आत गेलं होतं.

तिसरा वाटा वाळू सुटावी म्हणून नळाच्या पाण्यात बुडवून, घट्ट झाकणाच्या डब्यात, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला होता. सकाळी बघते तर बहुतेकांची तोंडं उघडी.

सासूबाई म्हणतात, सुकं खळखळून गरम कर, आमसूल आहे, विटत नाही. त्यांनी जन्मभर मासे रांधलेत, त्यांचा शब्द मी एरवी खाली पडू देत नाही. पण आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, लिव्हर सिरोसिस आहे. चार महिने पथ्याचं जेवतायत. ताजं, पूर्ण शिजलेलं आणि मीठ कमी असेल तर मासे चालतील असं डॉक्टर म्हणाले, म्हणूनच भावाला आणायला सांगितलं होतं. काल त्यांना मळमळत होतं, जेवलेच नाहीत. त्यांच्या वाट्याचं बाजूला काढून ठेवलंय आणि ते सकाळपासून दोनदा विचारून गेले, ‘तिसऱ्या आहेत ना गो?’ मूळचे वेंगुर्ल्याचे आहेत ते. देऊ का त्यांना?

खाडीकाठ
ताई, नको. सुकं टाकून द्या, आत्ताच. आमच्याकडे दोन वेळा तिसऱ्या खायच्या असतील तर दोन वेळा करतात. खोबरं घातलेलं सुकं चैत्रात रात्र काढत नाही, आमसूल घाला नाहीतर सोलं घाला.

डब्यातल्यांचं: तिसरी खाऱ्या पाण्यातली. गोड्या पाण्यात बुडवलीत आणि वर झाकण लावलंत, ती मरायचीच. वाळूसाठी मिठाच्या पाण्यात तास-दोन तास ठेवायच्या, मग उपसून उघड्या भांड्यात, वर ओलं फडकं. उघड्या तोंडाची तिसरी चमच्याने टक् करून वाजवा. जिवंत असेल तर हळूहळू मिटते. नाही मिटली तर फेका.

मिटलेल्या सगळ्या चांगल्या असंही समजू नका. एखादी आतून नुसती चिखलाने भरलेली असते, ती हाताला जड लागते आणि दुसरीवर आपटली की बद्द वाजते. अशी एक जरी कढईत उघडली तरी सगळं सुकं गेलं.

मीठभाकर
मी अन्नसूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. वरचा सल्ला बरोबर आहे. त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे सासूबाईंना समजावता येईल.

शिजवलेलं मासळीचं जेवण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं आणि खोलीचं तापमान 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरात. तुमचे साडेचार तास झाले. या वेळात काही जिवाणू वाढतात आणि विष सोडतात. पुन्हा उकळल्यावर जिवाणू मरतात, पण स्टॅफिलोकोकससारख्या जिवाणूंचं विष उकळीने जात नाही. त्याला वासही नसतो. म्हणून ‘वास चांगला आहे’ हा पुरावा धरू नका.

सिरोसिस असलेल्यांना धोका कितीतरी जास्त. कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू असतो. धडधाकट माणसाला त्याने बहुतेक वेळा जुलाबांवर भागतं, यकृताच्या रुग्णाच्या मात्र तो रक्तात शिरून जिवावर बेततं. तिसरी, कालवं, शिणाणे हे सगळे शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात आणि आपण त्यांना पोटासकट खातो. पाण्यात असलेलं सगळं ताटात येतं.

आता आपल्या पद्धतीतली एक गोष्ट. परदेशी पाककृतींत लिहितात, शिजल्यावर जी उघडणार नाही ती टाका. आपण विळीवर आधीच उघडतो, त्यामुळे ती खूण आपल्या हातून जाते. मग निवड उघडण्याआधीच करायला हवी: वाजवून, आणि विळीला धरताना. जिवंत तिसरी पात्याला जोर लावायला लावते. सहज सुटली तर बाजूला काढा. सोपं जावं म्हणून कुणी फ्रीजरमध्ये ठेवून उघडतात, त्यांनी ही पारख फ्रीजरच्या आधी करावी. आणि नुसती वाफ दाखवून उतरवू नका. अख्ख्या उकळणार असाल तर शिंपला उघडल्यानंतरही तीन ते पाच मिनिटं उकळी चालू ठेवा. काविळीचा हिपॅटायटिस ए विषाणू मरायला आतपर्यंत 90 अंश, दीड मिनिट लागतं.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. सुकं टाकलं. कोळंबीचं कालवण वेळेत आत गेलंय, ते आम्ही बाकीचे खाऊ शकतो ना? मायक्रोवेव्हमध्ये कोळंबी रबरासारखी होते, म्हणून मी ती कोमटच ठेवते.

मीठभाकर
कोमट नको. लागेल तेवढंच काढून घ्या, पुन्हा पुन्हा सगळं पातेलं तापवू नका. आधी रस्सा गॅसवर उकळू द्या, मग कोळंबी सोडा आणि ती आतपर्यंत वाफाळेस्तोवर ठेवा. 74 अंश हा आकडा धरतात. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर झाकण ठेवून मध्ये एकदा ढवळा, कारण कडेला उकळतं आणि मधे गार राहतं. उद्यापर्यंत संपवा. आप्पांना यातलं देऊ नका, त्यांच्यासाठी दर वेळी ताजंच करा. आणि कालची मळमळ डॉक्टरांच्या कानावर घाला.

खाडीकाठ
भावाला सांगा, पुढच्या खेपेला गोणपाट ओलं असू दे, पण बर्फाचं वितळलेलं पाणी तिसऱ्यांना लागू देऊ नको. बर्फ खाली, मधे फळकूट किंवा जाळी, वर तिसऱ्या. आणि सकाळी उतरल्या उतरल्या करायच्या, संध्याकाळची वाट बघायची नाही.

मूळ प्रश्नकर्ती
डॉक्टरांना फोन झाला, उद्या दाखवायला बोलावलंय. डब्यातल्या तिसऱ्या ताटात ओतून एकेक वाजवली. बेचाळीसमधल्या नऊ मिटल्या. नऊंसाठी धोका नको म्हणून सगळ्याच टाकल्या. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. विषाचं ऐकल्यावर म्हणाल्या, ‘गावी उरायचंच नाही काही, म्हणून कधी प्रश्नच आला नाही.’ मला हे पटलं.

आप्पांना मीच जाऊन सांगितलं. आज मऊ भात आणि दुधीची भाजी. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, पुढच्या वेळी गोण आली की आधी माझ्यापुढे ठेव, वाजवायला मी बसतो.