मॅग्नेशियम जळून जड होतं, मेणबत्ती हलकी. असं का?

प्रश्न: मॅग्नेशियमची फीत मुशीत जाळली. उरलेली पांढरी राख मूळ फितीपेक्षा जड भरली! मेणबत्ती मात्र जळता जळता घटते. मग द्रव्य अक्षय्यतेचा नियम (रासायनिक बदलात एकूण वस्तुमान तेवढंच राहतं) दोन्हीकडे लागू कसा पडतो?

उत्तर: हिशेबात हवा धरा. २४ ग्रॅम मॅग्नेशियम १६ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ४० ग्रॅम ऑक्साइड बनतं (थोडा नायट्रोजनही पकडतं, ते सध्या सोडून देऊ). मेणालाही ऑक्सिजनच लागतो, पण कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उडून जातात. ज्योतीवर क्षणभर थंड काच धरा, दव जमेल. ते याच वाफेचं पाणी.

प्रश्नकर्ता: म्हणजे बंद भांड्यात फरक पडणार नाही?

उत्तर: नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७७४ मध्ये सीलबंद भांड्यात कथील तापवलं, वजन जैसे थे. भांडं उघडल्यावर कथिलाने वापरलेल्या हवेच्या जागी बाहेरची हवा आत शिरली आणि वजन तेव्हा वाढलं. इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो!

दुसरं उत्तर: बंद बाटलीत काही जाळू मात्र नका, फुटेल. बाटलीत व्हिनेगर, तोंडावर खायचा सोडा भरलेला फुगा, असं वजनकाट्यावर ठेवा आणि सोडा बाटलीत पाडा. फुगा फुगल्यावर काटा किंचित कमी दाखवेल. तो हवेच्या उत्प्लावक बलाचा (फुगलेल्या फुग्याला हवा वर ढकलते त्याचा) परिणाम, वस्तुमान तेवढंच असतं.