बॉम्बे युरोपियन आणि १०३वी फूट: पलटण एकच का?

प्रश्न:
खडकीच्या लढाईत (५ नोव्हेंबर १८१७) ईस्ट इंडिया कंपनीकडून बॉम्बे युरोपियन रेजिमेंट होती. पुढच्या कागदांत ती सापडत नाही, १०३वी फूट (म्हणजे १०३वी पायदळ पलटण) मात्र दिसते. दोन्ही एकच का? आणि त्यांची बंदूक मिनिटाला किती बार काढायची?

उत्तर १:
एकच, नावं बदलली. १८३९ साली दुसरी युरोपियन पलटण उभी राहिली म्हणून ही 'पहिली' झाली. १८४४ला नावात 'फ्युजिलियर्स' (पायदळाची एक जुनी पदवी) आलं, १८६२ला कंपनीकडून राणीच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या, फौजेत १०३वी, १८८१ला रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन, १९२२ला बरखास्त. शिपायाचा माग काढताना १८६२ हे साल आधी बघा. त्याआधीची नोंद कंपनीच्या दप्तरात, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. थेट लंडनच्याच क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये (सरकारी दप्तरखान्यात) गेलात तर हाती काही लागत नाही आणि माणूस नव्हताच असं वाटतं.

उत्तर २:
बंदूक ब्राउन बेस, म्हणजे चकमकीच्या ठिणगीने उडणारी, तोंडाकडून भरायची बंदूक. तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढी. काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, चिमूटभर दारू रंजकदाणीत (नळीच्या बाजूची छोटी वाटी, ठिणगी आधी इथे पेटते) टाकून झाकण लावायचं, उरलेली दारू, गोळी आणि कागद नळीत, मग गजाने ठासायचं. नळी पाऊण इंची, गोळी मुद्दाम बारीक, कारण काळ्या दारूची काजळी साठली की नेमकी गोळी आत जातच नाही. चकमक बोथट झाली तर ठिणगी नाही. दाणीतून नळीत जाणारं रंजकाचं भोक तुंबलं तर दाणीत भडका उडतो, बार नाही. म्हणून पट्ट्याला बारीक सुई आणि ब्रश लटकवलेला असे. शंभर यार्डांपुढे एकेकट्याचा नेम भरवशाचा नव्हता, म्हणूनच रांगेने एकदम बार.