सायबरस्टर: पुढून नजर हटेना, मागून बघवेना. तुमचं मत?

नेरूळकर_नाना
रविवारी सकाळी पाम बीच रोडला एमजी सायबरस्टर दिसली, ती दोन सीटची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार. अँडीज ग्रे रंग, वर लाल कापडी छप्पर. वाशीला चहाला थांबली तसा मीही मागोमाग थांबलो. मालक दिलदार, न मागता दोन्ही दरवाजे वर करून दाखवले. आजूबाजूची पोरं मोबाईल काढून हजर.

खरं सांगू, दरवाजांचं कौतुक दोन मिनिटांत ओसरलं. मला आवडला तो मागच्या चाकांवरचा फुगवटा. दारामागून पत्रा असा काही वर चढतो की समोरच्या बिल्डिंगचं प्रतिबिंब तिथे वाकून नुसती एक रेघ उरते. बोनेट लांब, नाक खाली, उगाच जाळ्या-बिळ्या नाहीत. इथपर्यंत दहापैकी नऊ.

मग मागे गेलो. मधे आडवी लाल पट्टी आणि दोन्ही टोकांना चक्क बाण! एवढ्या देखण्या गाडीच्या पाठीवर हायवेचा ‘वळण पुढे आहे’ बोर्ड कोणी लावला? माझ्याच डोळ्यांना खुपतंय का?

आणि या बिल्ल्यासाठी 75 लाख द्याल? टपरीवर दोघांनी विचारलं, “एमजी म्हणजे हेक्टरवालीच ना?”

घोडबंदरी
नाना, इथे एमजी 2019 मध्ये हेक्टर घेऊन आली, लोक तेच म्हणणार. पण इंग्लंडमध्ये हे नाव 1920च्या दशकापासूनचं, आणि ओळख दोन सीटच्या उघड्या गाड्यांचीच. त्यातलीच एमजीबी 1962 ते 1980 चालली. आता मालकी शांघायच्या एसएआयसीची असली तरी सायबरस्टरचं डिझाईन लंडनच्या स्टुडिओतलं आहे. एमजीबीची नक्कल केली नाही, फक्त लांब नाक आणि आखूड शेपूट ठेवलं, हे मला शहाणपणाचं वाटतं.

बाण मात्र मलाही नकोत. साधी पट्टी पुरली असती.

कळव्याचा_पिस्टन
510 पीएसची ताकद, 3.2 सेकंदांत शंभरचा वेग, आणि संध्याकाळी घोडबंदर रोडच्या गायमुखला कंटेनरच्या मागे उभे! माझा आक्षेप दिव्यांना नाही, वजनाला आहे. जवळपास दोन टन. माझ्या लेखी स्पोर्ट्स कार हलकी हवी आणि बोंबलायला हवी. ही दिसते छान, पण गप्प. बाणाचं म्हणाल तर मला आवडले. निदान लांबून कळतं कुठली गाडी गेली. हल्ली सगळ्यांच्या मागे तीच एक आडवी पट्टी असते.

नेरूळकर_नाना
@पिस्टन, वजनाचं मान्य, ते बसल्यावर कळतंच. होय, मालकांनी बसूही दिलं. फरशीखाली 77 किलोवॅट-तासांची बॅटरी, त्यामुळे बाहेरून गाडी जमिनीला टेकलेली दिसते पण सीट काही तेवढी खाली जात नाही. माझं डोकं विंडशील्डच्या वरच्या कडेजवळ. समोर तीन स्क्रीन जोडलेत, त्यातले कडेचे दोन स्टिअरिंगच्या रिममागे अर्धे झाकतात. रेंज बघायला मान वाकडी करावी लागली. हे कागदावर कोणाच्याच लक्षात आलं नसेल?

घोडबंदरी
बसूही दिलं आणि फोटो एकही नाही? मागचा टाका आधी, बाणांसकट.